जाऊबाईंची हाय टी

त्या दिवशी तुमचा स्क्रीन गोठला तेव्हा तुमची आई तोंड उघडून ‘हॅपी’ म्हणत होती आणि तुम्ही दोघं तिच्यामागे रजई पांघरून उभे होतात. पुढचा पाऊण तास ती तशीच ‘हॅ’वर थांबलेली होती आणि आम्ही तिच्यासमोर चहा घेत होतो. नंतर फोनवर तुम्ही विचारलंत, मोठ्या आजीनं शेवटी चहा घेतला का? मी ‘हो’ म्हणाले. ते खरं आहे, पण अपुरं आहे; आणि शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना अपुऱ्या उत्तराला मी कधी निम्म्याहून जास्त गुण दिले नाहीत. म्हणून हे पूर्ण उत्तर.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमच्या आजोबांची वहिनी. सिंदेवाहीपासून वीस मिनिटांवर आपलं मूळ गाव आहे, तिथे तलावाच्या पाळीखालच्या घरात ती राहते. ऐंशीव्या वर्षीही रोज सकाळी धानाच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर, एक चक्कर मारून ती मुलाला त्याच्या चुका सांगते. मी तिला बाई म्हणते. ती मला मॅडम म्हणते. या मॅडममध्ये आदर किती आहे हे तुम्हाला पुढे कळेलच.

आधी ती मला ‘धाकली’ म्हणायची. लग्न होऊन मी नागपूरहून त्या घरी आले तेव्हा माझ्याकडे कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं, सोनेरी कडेच्या सहा कपबश्या होत्या आणि जगाला वळण लावायची घाई होती. चूल पेटवता येत नव्हती. ती बाईंनी शिकवली. विळीवर भाजी चिरायला, धान पाखडायला, विंचू दिसल्यावर इंग्रजीत न किंचाळायला, सगळं तिनंच शिकवलं आणि शिकवताना कधी हसली नाही. हसायला पुष्कळ वाव होता.

मला शाळेत नोकरी लागली त्या वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे चंद्रपूरहून शिक्षण खात्यातले एक साहेब आणि त्यांच्या पत्नी आल्या. मी सोनेरी कडेच्या कपबश्या काढल्या. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. बाई बांधीतून तशीच आली, गुडघ्यापर्यंत चिखल, पदर खोचलेला, आणि दाराशी उकिडवी बसली. मी तिच्या हातात कपबशी दिली. तिनं सगळा चहा बशीत ओतला, दोन फुंकरी मारल्या आणि असा सुर्रकन ओढला की साहेबांच्या पत्नीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मी म्हणाले, “बाई, आमच्याकडे चहा कपातून पितात.”

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष होतं. फक्त ते ‘आमच्याकडे’ मी कोणाला ऐकवत होते ते बघा. जे घर ती माझ्याआधी दहा वर्षं सारवत आली होती, त्या घरात बसून मी तिलाच सांगत होते की आमच्याकडे असं असतं.

तिनं बशी खाली ठेवली. निम्मा चहा तिच्यात तसाच होता.

“हो का,” ती म्हणाली. “मंग तुमच्याकडे मी नाई घेत, मॅडम.” आणि रोवण्याला निघून गेली.

या गोष्टीला शेहेचाळीस वर्षं झाली. आपल्या भागात पाहुण्याला चहा विचारला की तो “आताच घेतला” म्हणतो. खरं तर त्यानं सकाळपासून घोटभरही घेतलेला नसतो. दोनदा तसं म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला कप हातात घ्यायचा, अशी रीत आहे. बाईंनी रीत पाळली, फक्त तिसरी पायरी गाळली. आमचं बिऱ्हाड पुढे सिंदेवाहीला आलं. तिनं माझं बाळंतपण केलं, तुमच्या बाबाला गोवर निघाला तेव्हा आठ रात्री उशाशी बसली, माझ्या हातचं जेवली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून पुन्हा वाढून घेतलं. पण चहा पुढे आला की, “आताच घेतला, मॅडम.” एकदा तर आमच्याकडे मुक्कामाला असताना पहाटे पाचला अंथरुणातून उठता उठता म्हणाली, “आताच घेतला.” स्वप्नात घेतला असेल. शेजारणीकडे जाऊन मात्र दोन-दोन बश्या रिचवायची, आणि शेजारीण मला ते येऊन सांगायची. शेजाऱ्यांचा धर्मच तो.

मी माफी मागितली नाही. मी शिस्तीची बाई आहे. दर वर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर करायच्या कामांची यादी लिहिते. ‘बाईंशी बोलणे’ हे काम शेहेचाळीस डायऱ्यांतून सुवाच्य अक्षरात पुढे सरकत आलेलं आहे. त्याच्या आजूबाजूची कामं बदलत गेली. दुधाचे दात, पाण्याची टाकी, तुमच्या बाबाची मुंज, मोतीबिंदू. हे एक काम जागचं हललं नाही. आता ती ऐंशीची आणि मी बहात्तरची. दोघींपैकी आधी कोण उठून जाईल ते सांगता येत नाही, पण माझ्या घरचा एक कप चहा न घेताच ती गेली असती, तर पुढच्या डायरीत मी काय लिहिलं असतं? आणि मी आधी गेले असते, तर माझ्या तेराव्याला आलेल्यांना चहा देत देत ती म्हणाली असती, “घ्या न. मी आताच घेतला.” तिचा काही भरवसा नाही.

तिचा वाढदिवस हा प्रकार कसा निघाला तेही सांगते. ती कधी जन्मली ते तिला ठाऊक नाही. “तलावाची पाळ फुटली तवाची मी,” एवढंच ती सांगते, आणि आपल्या तलावाची पाळ बऱ्याचदा फुटलेली आहे. आधार कार्ड काढणाऱ्या मुलीनं विचारलं तेव्हा बाई म्हणाली, “लिही न काहीबी.” त्या मुलीनं एक जानेवारी लिहिलं. आपल्या गावात साठीच्या पुढचं जवळजवळ सगळं गाव एक जानेवारीला जन्मलेलं आहे. इतकी बाळंतपणं एका दिवशी त्या काळच्या एकट्या सुईणीनं कशी उरकली, हे सरकारला कधी विचारावंसं वाटलं नाही.

तुमच्या आईला मात्र कार्डावरची तारीख दिसली आणि तिनं तिकडून, परदेशातून जाहीर केलं की मोठ्या आईंची ऐंशी वर्षं आपण साजरी करायची, आणि केक कापून टाळ्या वाजवायचा गावठी प्रकार नको, ‘एलिगंट हाय टी’ करायची. ती नुकतीच कुठल्याशा हॉटेलात तसा चहा घेऊन आली होती. तिनं मला चार पानी सूचना पाठवल्या. काकडीचे सँडविच, पावाच्या कडा कापून. स्कोन. इवले केक. तीन मजली स्टँड. चहा किटलीत, दूध वेगळं, साखर वेगळी, प्रत्येकानं आपापल्या चवीनं घ्यायची. कपडे फिक्या रंगांचे. तुमच्या आईला वाईट वाटू देऊ नका, तिचा हेतू फार चांगला होता. चांगल्या हेतूला चार पानं लागतात.

आणि खरं सांगते, मीही हुरळले. तीस वर्षं मी मुलांना धड्यातल्या चहापार्ट्या शिकवल्या. स्कोन म्हणजे काय असं एखाद्यानं विचारलं की “एक प्रकारचं बिस्कीट” म्हणून पुढे जायचे. आयुष्यात एकदा तरी ते बिस्कीट बघावं असं मलाही वाटत होतंच. शिवाय माझ्या मनात हिशेब वेगळा होता. तिच्याच वाढदिवसाचा चहा, तिच्याच मानाचा. तो ती कशी नाकारेल?

आमंत्रण मोबाईलवर गेलं. संध्याकाळी बाईंचा फोन आला.

“काऊन वो मॅडम, पोरगं वाचून राह्यलं. टी हाय म्हणते तुमच्या घरी?”

“टी हाय नाही बाई, हाय टी.”

“तेच त. टी हाय.”

“हाय म्हणजे उंच. मोठा. हाय टी हा एक प्रकार असतो चहाचा.”

“उंच चहा,” तिनं विचार केला. मग म्हणाली, “टी हाय त हाय. सोबत का हाय?”

“काकडीचे सँडविच आहेत, केक आहे...”

“मंजे जेवाले नाई. काकडी हाय.”

“बाई, तुम्ही येताय ना?”

“येईन न. माहाच वाढदिवस हाय म्हणतेत. खाईन बी जे देशील ते. चहा नाई घेत, सांगून ठेवतो.” आणि फोन ठेवला.

आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “वहिनी चहाच घेणार नाहीत, मग हाय टीत उरलं काय? हाय.” त्यांना या वयात विनोद सुचतात आणि ते तीन दिवस पुरवतात.

चारची वेळ विलायतेत का ठरली ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे ती वाघानं ठरवलेली आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर आता कोणी जात नाही, त्यामुळे पाहुण्यांना पाचला निरोप देता येईल अशीच वेळ ठेवावी लागते. या एका बाबतीत मात्र तुमच्या आईची चार पानं आणि आमचं जंगल यांचं एकमत झालं.

स्कोन नागपूरच्या एका बेकरीतून आले. बघून माझी तीस वर्षांची उत्सुकता संपली. ना धड पाव, ना धड बिस्कीट. आपल्या इथे असा पदार्थ बिघडला की गुपचूप गाईला घालतात. तीन मजली स्टँड कुरियरनं आला. कपबश्या माझ्या जुन्याच काढल्या. सहातले चार कप उरले होते, पण बश्या सहाच्या सहा शाबूत होत्या. बशी हे भांडं माझ्या घरात कोणी वापरायचंच नाही, मग ती फुटणार कशी? बाकीच्यांसाठी शेजारून कप आणले. सकाळी मी चाळीस सँडविच केले, सगळ्यांच्या कडा पट्टी लावल्यासारख्या कापल्या, आणि कडा टाकवेनात म्हणून स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. वाळवून त्यांचा चुरा कटलेटला होतो. फिक्या रंगाची म्हणून माझी मोतिया रेशमी साडी काढली. आजोबांनी फिका म्हणून बनियन सुचवला.

पावणेचारला बाई आली. मुलगा कारनं सोडून गेला, सोबत सून होती. बाईनं गर्द हिरवं नऊवारी लुगडं नेसलं होतं आणि कपाळावर तुळशीच्या मातीचा टिळा होता. सुनेच्या हातात झाकलेली डेगची होती.

“फिक्या रंगाचं सांगितलं होतं ना,” मी सुनेला हळूच म्हणाले.

“मी सांगतलं, काकू,” सून म्हणाली. “तर म्हणतेत, फिकं कपडं धुऊन धुऊन आपोआप होते, नवं काऊन घ्याचं.”

“आणि हे काय आहे?”

“लाखोळीच्या डाळीचे वडे. म्हणल्या, तिथी काकडीच हाय, उपाशी मराचं हाय का?”

माझ्या शाळेतल्या दोन निवृत्त शिक्षिका आधीच येऊन बसल्या होत्या, गुलाबी आणि आकाशी, हात मांडीवर ठेवून, तपासणीला साहेब येणार असल्यासारख्या. टॅबवर तुम्ही होतात. तिकडे पहाट होती आणि तुमच्या डोळ्यांवरची झोप इथून दिसत होती. बाईनं आधी तुम्हाला पाहिलं, “पोरायले झोपू द्या न वो, सुतक हाय का कोणाचं?” असं तुमच्या आईला सुनावलं, आणि मग टेबलावरच्या स्टँडभोवती एक फेरी मारली.

“यावर समया ठेवतेत का?”

“नाही, यावर खाणं ठेवतात. खाली सँडविच, मधे स्कोन, वर केक. खालून वर खात जायचं.”

“आमी पायऱ्या चढताना नाई खात,” बाई म्हणाली आणि गुलाबी शिक्षिकेला ठसका लागला.

मग तिनं खालच्या ताटलीतला एक सँडविच उचलला. उलटा केला, सुलटा केला, चारी बाजूंनी पाहिला.

“कडा कुठी हायत?”

“कापल्या. अशा सँडविचच्या कडा कापायच्या असतात.”

“ते दिसून राह्यलं. कुठी हायत म्हणलं मी.”

“स्वयंपाकघरात. डब्यात.”

“टाकल्या नाई?”

“नाही.”

“बरं केलं,” ती म्हणाली आणि बसली. मला वाटलं, काटकसरीची बाई, तिला ती नासाडी वाटली असेल. माझ्या समजुतीची झेप एवढीच.

त्यानंतर इवल्या केकवर मेणबत्ती, तुमच्या आईचं ‘हॅ’, आणि नेट गेलं. इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे.

मी किटली उचलली. तो चहा उकळलेला नव्हता. पिशव्या गरम पाण्यात बुडवून ठेवलेल्या, रंग काढ्यासारखा आणि वास संत्र्याच्या वाळक्या सालीचा. सगळ्यांना ठाऊक होतं काय होणार ते. आजोबांनी मान खाली घातली. सुनेनं उगाच टॅबवर गोठलेल्या तुमच्याकडे पाहून हात हलवला. मी शेहेचाळीस वर्षं विचारत आले होते तसंच विचारलं.

“बाई, चहा?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

“दे.”

मी ओतला. दूध, साखर विचारायचं राहून गेलं. बाईनं सोनेरी कडेचा कप, त्याच्या कानाला दोन बोटं आणि वरून अंगठा, असा धरला. बशी डाव्या हातात, छातीच्या उंचीवर. पाठ ताठ. कप ओठांशी नेला, एक घोट घेतला, आवाज नाही. कप बशीत ठेवला, तोही आवाज नाही. दुसरा घोट. तिसरा. मी माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनासुद्धा इतका बिनबोभाट चहा पिताना पाहिलेलं नाही. आकाशी शिक्षिकेनं आपला कप जरा नीट धरला.

“असाच पेतेत न तुमच्याकडे?” बाई म्हणाली.

मी किटली खाली ठेवली.

“माहा बाप जंगलातल्या बंगल्यावर खानसामा होता,” ती म्हणाली, मला नाही, सगळ्यांना. एखादा हिशोब मिटवताना माणूस बोलतो तशी. “फारेस्टचे साहेब येत, मेमसाब येत, शिकारीवाले येत. माहा बाप असेच सँडुच करे. काकडीचे. साहेबायचे कडा कापून. मधलं साहेब खाये, कडा आमाले. आमी पाच भावंडं कडांवर वाढलो. मले लहानपणी वाटे, पाव मंजे कडाच असते.”

बाईंचे वडील जंगल खात्यात होते, एवढंच मला ठाऊक होतं. जंगल खात्यात म्हणजे लाकडं मोजत असतील किंवा पहारा देत असतील, असं मी ठरवून टाकलं होतं. एकाच घरात सून म्हणून आलेली बाई, आणि पन्नास वर्षांत मी तिला विचारलं नाही की तुमचे वडील तिथे करत काय होते. उत्तराची मला खात्री होती ना.

“मंग तेव्हा,” मी म्हणाले, “त्या दिवशी...”

“त्या दिवशी अठरा बाया बांधीत उभ्या होत्या,” बाई म्हणाली. “पाऊस येऊन राह्यला होता. रोवाले धानाचे पऱ्हे उपटून ठेवले होते. कपात चहा निवाची वाट पाहात बसू का मी? बशीत निवते लवकर. घाई होती मले. अडाणी नव्हती मी.”

आजोबांनी विनोद केला नाही, यावरून तुम्ही समजा.

शेहेचाळीस डायऱ्यांतलं काम माझ्यासमोर सोनेरी कडेचा कप घेऊन बसलं होतं. मी म्हणाले, “बाई, मी त्या दिवशी ‘आमच्याकडे’ म्हणाले, ते मी...”

“तुमच्याकडे साखर टाकत नाई का वो?” बाईनं कप खाली ठेवला. “हे का पेऊन राह्यले तुमी लोक? ताप आला का सगळ्यायले?”

“मी चुकले बाई.”

“चहा चुकला हाय. तो आधी दुरुस्त कर. गंज ठेव, अद्रक हाय का? आन तो कडांचा डबा आण.”

मी उठले. स्वयंपाकघरात गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवलं, आलं ठेचलं, दूध सगळं ओतलं. मागे सून आली. “काकू, तुमी रडून राह्यल्या का?” म्हणाली. मी म्हटलं, आल्याचं तिखट डोळ्यात गेलं. ती म्हणाली, “अद्रकाचं नाई जात काकू, मिरचीचं जाते.” आमच्या घराण्यात सुना फार स्पष्ट बोलतात, ती परंपरा कोणी सुरू केली ते वर आलंच आहे.

चहा आला तो उकळून लालसर झालेला, दाट, साखरेनं जड. कडांचा डबा बाईंनी मांडीवर घेतला. तीन मजली स्टँडवरचे केक खाली उतरले आणि वरच्या मजल्यावर लाखोळीचे वडे चढले. गुलाबी शिक्षिका चार वडे खाल्ल्यावर म्हणाली की तिचं पित्त वाढतं, आणि पाचवा घेतला. बाईनं कपातला चहा बशीत ओतला, पावाची कड त्यात बुडवली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग बशी ओठांना लावून सुर्रकन ओढली. तोच आवाज. शेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं की तो आवाज मला खटकला होता.

मी माझी बशी समोर ओढली. आजोबा म्हणाले, “जपून.” मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. एम.ए. झालेल्या बाईला बशीतून चहा पिता येणार नाही का? मी कप तिरका केला, बशी काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी उचलली. तुम्ही कधी करून बघा. बशीतला चहा एका जागी राहत नाही. डावीकडे वाकवली की डावीकडे धावतो, तिथून सावरायला जावं तर उजवीकडे. आणि मी फुंकर मारायची विसरले. ओठ पोळले, हात हलला, आणि सगळी बशी माझ्या मोतिया रेशमी साडीवर, पदरापासून निऱ्यांपर्यंत.

बाई हसली. चूल शिकवताना हसली नव्हती, धान पाखडताना मी सुपासकट पडले तेव्हा हसली नव्हती. ती सगळी उधारी तिनं आता वसूल केली. डब्यातल्या कडा उडाल्या.

“अवं फुंक न आधी, धाकले!” तिला बोलता येईना. “दोन बोटं खालतून लाव. अंगठा वरतून नोको, बुडते तो. आन अर्धीच भर. हावरट!”

धाकले म्हणाली. मी ऐकलं. तिनं ते ऐकलं की नाही ठाऊक नाही, कारण ती लगेच माझ्या बशीत पुन्हा चहा ओतायला लागली, अर्धी बशी, मोजून. मी दोन बोटं खाली लावली. फुंकर मारली. ओढला. आवाज झाला, पण सुर्र असा नाही. नाली तुंबल्यावर होतो तसा.

“येईल,” बाई म्हणाली. “जमते हळूहळू.”

नेमकं तेव्हा नेट आलं आणि तुमची आई उरलेलं ‘पी बर्थडे’ म्हणाली. मग तिला समोरचं दिसलं. टेबलावर डेगची, स्टँडच्या डोक्यावर वडे, मोठ्या आईंच्या मांडीवर पावाच्या कडा, आणि मी, ओली, हातात बशी.

“आई!” ती ओरडली. “हे काय झालं? साडीवर काय सांडलंय?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात बाईनं टॅब आपल्याकडे वळवला.

“काही नाई वो,” ती म्हणाली. “शिकून राह्यली हाय ते. पह्यलाच दिवस हाय.”